निळ्या पन्नीखालची पाच बोटं

माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या बायकांनी मला सासूबद्दल पोतंभर सल्ले दिले. सासऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सासरा म्हणजे ओसरीवर बसून चहा मागणारा माणूस, त्याच्यापासून काय जपून राहायचं? मी गोंदिया शहरात वाढलेली, ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवणारी मुलगी. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढच्या एका खेड्यात नांदायला जाईन आणि चौथ्या वर्षी सुती हातमोजे घालून सासऱ्यांबरोबर विमान बांधायला बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्याकडं सासऱ्याला मामाजी आणि सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही इथं तसंच लिहिते. मामाजी हवाई दलात तीस वर्षं होते. वैमानिक नव्हे, पत्र्याचे कारागीर. विमानाचे पंख, पोट, शेपूट यांचे पत्रे जोडायचे, चिरा शोधायच्या, गंज शोधायचा, हे त्यांचं काम. गावात मात्र सगळे त्यांना 'पायलट' म्हणत. पहिली दोन वर्षं त्यांनी लोकांना समजावून सांगितलं, मग कंटाळून सोडून दिलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी परदेशातून एका छोट्या, दोन माणसांच्या विमानाचे सुटे भाग मागवले. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. नागपूरहून ट्रकमध्ये लाकडी पेट्या आल्या तेव्हा अर्धं गाव आमच्या अंगणात होतं. पेट्या फोडल्या तर आत काय? निळी पन्नी, म्हणजे पातळ प्लास्टिक, चिकटवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, कागदात गुंडाळलेल्या पट्ट्या, पत्रे जोडायचे हजारो रिव्हेट आणि एक जाडजूड पुस्तक. लोकांचा हिरमोड झाला. "पायलट, हे तं कपाटाचं सामान दिसते," असं एकानं तोंडावर सांगितलं. त्यानंतर कितीतरी दिवस एसटी थांब्यावर मामाजी दिसले की कुणी ना कुणी विचारायचं, "तिकीट कवा देता मंग?" मामाजी म्हणायचे, "पहिले बसाची हिंमत कर, मंग तिकीट माग."

आत्याबाई मात्र त्या दिवशी अंगणातही आल्या नाहीत. आतून त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला, "तीस वरस विमानानं नेलं. आता घरी आले तं मागं मागं विमानच आलं." त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. तीस वर्षं त्या बाईनं एकटीनं धानाची शेती केली, पोरं मोठी केली, सासू-सासऱ्यांचं केलं. नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, पाहुण्यासारखा. आता कुठं घरात राहायला लागला, तर त्यानं सगळा जीव पत्र्यात घातला. त्यांनी भांडण केलं नाही. फक्त विमानाच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही.

ती खोली म्हणजे आमचा बैलांचा जुना कोठा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, कोठा रिकामा पडला होता. मला वाटलं, दोन दिवस झाडलोट केली की कामाला सुरुवात होईल. मामाजींनी तिथं वर्ष घालवलं. कोठ्याच्या जमिनीत दोन पिढ्यांच्या बैलांचं मूत मुरलेलं. ती माती त्यांनी हातभर खोल खणून काढली, बाहेर नेऊन टाकली, नवा मुरूम भरला, वर सिमेंट केलं. कारण मुताची वाफ ॲल्युमिनियमला खाते. भिंतींवरचा चुना खरवडून काढला, कारण ओला चुनाही खातो. दिवाळीला सगळं घर चुन्यानं उजळायचं आणि एक कोठा तसाच उघडाबोडका, विटकरी. शेजारणी आत्याबाईंना विचारायच्या, हे असं अशुभ काऊन ठेवलं म्हणून. आत्याबाई म्हणायच्या, "त्याह्यले इचारा."

मी त्या कामात शिरले ते रिव्हेटमुळं. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून ठोकायचं, दुसऱ्यानं आतून जड लोखंडी ठोकळा घट्ट टेकवून धरायचा. माझे मिस्टर शाळामास्तर, तिरोड्याकडं नोकरी, सकाळी मोटारसायकलवर जायचे ते संध्याकाळी यायचे. गावातल्या दोघातिघांना मामाजींनी धरून पाहिलं, पण ते ठोकळा धरता धरता गप्पा मारायचे आणि रिव्हेट वाकडा बसायचा. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर मामाजींनी माझे हात निरखून पाहिले. "तू शिवन करते न? सुई धरनारा हात हाये. मोजे घाल."

ते हातमोजेही मीच शिवले, त्यांच्या जुन्या धोतराचे. उघड्या हातानं साफ केलेल्या पत्र्याला शिवायचं नाही हा पहिला नियम. घामात मीठ असतं, बोटाचा ठसा आज दिसत नाही, पण पावसाळा संपेपर्यंत तो पत्र्यात उतरलेला असतो. दुसरा नियम बांगड्यांचा. त्या काढायला आत्याबाईंची ना होती, आणि पत्र्यावर ओरखडा नको होता. तेव्हा मी कोपरापर्यंतची सुती बाही शिवली आणि बांगड्या वर सारून त्यावर ती चढवायला लागले. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत. शिसपेन्सिलीनं पत्र्यावर खूण करायची नाही, कारण शिशाची रेघसुद्धा कालांतरानं पत्रा कुरतडते. लोखंडाला लावलेली कानस ॲल्युमिनियमला लावायची नाही, लोखंडाचा कण रुतून बसतो. खोलीत लोणचं नाही, राख नाही, भज्याची पुडीसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, "मामाजी, हे विमान आहे की सोवळं?" तर हसून म्हणाले, "सोवळ्यात तरी प्रायश्चित्त रायते."

मी त्यांना जीव लावला तो तिथंच, त्या कोठ्यात, हे मला आज लपवावंसं वाटत नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले. काम कसं करतात हे मला कुणी दाखवलंच नव्हतं, काम उरकतात कसं एवढंच मी पाहिलं होतं. मामाजी एका पट्टीच्या चारही कडा अर्धा अर्धा तास घासून गुळगुळीत करायचे. जी कड दोन पत्र्यांच्या मध्ये कायमची झाकली जाणार, जन्मात कुणाला दिसणार नाही, तीही. मग डोळे मिटून मोजा घातलेला अंगठा कडेवरून फिरवायचे. सूत अडकलं तर पुन्हा घासायचं.

पत्रा साफ झाला की नाही हे पाहायची त्यांची एक रीत होती. साबणानं घासलेला पत्रा तिरपा धरायचा आणि वरून स्वच्छ पाणी सोडायचं. कुठं तेलकटपणा उरला असेल तर तिथं पाणी तुटतं, थेंब थेंब होऊन उभं राहतं. सगळं निर्मळ असेल तर पाणी एकसलग, काचेसारखं पसरतं. पहिल्यांदा माझ्या हातून असं पाणी पसरलं तेव्हा मामाजी म्हणाले, "पाह्य, पानी काही बोललं नाई. म्हनजे झालं." त्या दिवशी मला दहावी पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. मग त्या चांदीसारख्या चकचकीत पत्र्यावर ते हिरवट-पिवळा प्रायमर मारायचे, तान्ह्या बाळाच्या शीच्या रंगाचा. एवढी मेहनत आणि शेवटी हा रंग, असं माझ्या मनात यायचं, पण तो रंगच पत्र्याचं कवच होता.

आणखी एक गोष्ट होती, नमुन्यांची फळी. पत्र्याचे उरलेले तुकडे मामाजींनी निरनिराळ्या जागी ठेवून पाहिले होते. एक चुन्याच्या भिंतीला टेकवून, एक चुलीच्या वर, एक तलावाच्या पारीवर खांबाला बांधून. काही महिन्यांनी ते तुकडे आणायचे आणि एका फळीवर सुतानं बांधायचे. खिळे नाहीत, खिळ्यानं पुन्हा गंज. प्रत्येकावर जागेचं नाव लिहायचं. एका तुकड्यावर त्यांनी घामेजला अंगठा दाबून वर निळी पन्नी परत चिकटवून ठेवली होती. "कोनता दुश्मन किती खाते, हे माहीत पाहिजे," म्हणायचे.

पारीवरचा तो खांब त्यांच्या ओळखीचाच होता. आमच्या सासरची माणसं तलाव बांधणाऱ्यांच्या वंशातली. तलावाचा मातीचा बांध, त्याला इथं पार म्हणतात, तिच्यावर पावसाआधी चालत जाऊन खेकड्याची भोकं शोधायची आणि बुजवायची हे काम मामाजींचे वडील करायचे, आजोबा करायचे. मामाजीही सुट्टीवर आले की करायचे. पत्र्यावर वाकून पाहताना ते अगदी तसेच दिसत, हात मागं बांधलेले, मान पुढं.

सगळ्यांत मोलाचा भाग होता स्पार. पंखाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी जाड पट्टी. घराला आढं असतं तसं पंखाचं आढं. सगळं वजन तिच्यावर. तिची पन्नी मामाजींनी काढली नव्हती. बाकीच्या पत्र्यांची पन्नी आल्या आल्या सोलून टाकली, कारण पन्नी फार दिवस ठेवली की खाली ओल धरते, हे त्यांनीच मला शिकवलं. पण स्पारला ओरखडा पडेल या धाकानं तिची पन्नी ठेवली. "हिले शेवटी उघडू," म्हणायचे. एवढ्या चोख माणसाचाही एका ठिकाणी जीव अडकतोच.

त्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधी मामाजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. माझे मिस्टर त्यांना घेऊन नागपूरला गेले. घरात आम्ही दोघी. दसऱ्याला आमच्याकडं नांगर, विळे, कुऱ्हाडी, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. मी अंगणात अवजारं धुऊन मांडली. आत्याबाईंनी हळद-कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. मग ताट हातात तसंच धरून त्या उठल्या आणि कोठ्याकडं चालायला लागल्या.

दोन वर्षांत त्या दाराशीही गेल्या नव्हत्या. मी मागोमाग धावले. आत शिरून त्या सगळीकडं पाहत राहिल्या, भिंतीवर टांगलेली साधनं, आकार घेत असलेली शेपूट, लाकडी पाटांवर ठेवलेले पत्रे. "यातलं मोठं कोनतं?" त्यांनी विचारलं. मी स्पार दाखवला.

"याले कुंकू लावतो. त्याह्यचा डोळा चांगला झाला पाहिजे."

मी म्हटलं, पन्नीवर लावा. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच खजील झाले. "पन्नीले लावत असतेत का कोनी? देवाले कागदावरून जेवाले घालते का तू?"

मला सगळं माहीत होतं. मीठ, घाम, ओल, पन्नी. पुस्तकातल्यासारखं पाठ होतं. पण समोर ती बाई उभी होती, जिनं या खोलीला दोन वर्षं नावं ठेवली नव्हती आणि नावाजलंही नव्हतं, आणि आज ती आपल्या हातानं आशीर्वाद द्यायला आली होती. तिला मी 'नको' म्हणणार होते का? मी पन्नीचं टोक धरून वीतभर सोललं. आत्याबाईंनी ओली हळद-कुंकू लावलेली पाच बोटं त्या चकचकीत पत्र्यावर दाबली, मनापासून दाबली. त्यांचं मधलं बोट फार वर्षांपूर्वी धान कापताना विळ्यानं कापलं होतं, ते आत वळलेलं होतं. म्हणून पाच ठशांतला मधला ठसा जरा खाली उमटला. मग त्यांनी नारळ फोडला आणि थोडं पाणी वर शिंपडलं. नारळाच्या पाण्यातही खार असतो. डोळे मिटून त्या पुटपुटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकं मऊपण त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी गेले, ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं, पन्नी परत ताणून चिकटवली. वरून काही दिसत नव्हतं. मनाला बजावलं की झालं ते झालं, पुसलं की नाही? मामाजी आले ते डोळ्याला हिरवी पट्टी लावून. डॉक्टरांनी धुळीचं काम दोन महिने बंद ठेवायला सांगितलं होतं. ते ओसरीवर बसून पुस्तक वाचायचे, आत्याबाई त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायच्या. घरात एक वेगळाच गोडवा आला होता. ते दिवस मला फार आवडले, आणि त्या गोडव्याखाली मी काय लपवलंय याचा मी विचारच केला नाही.

संक्रांतीनंतर काम पुन्हा सुरू झालं. एक दिवस मामाजींनी फळी घेतली आणि नव्या डोळ्यानं नमुने पाहायला बसले. लहान पोराला खेळणं मिळावं तसे ते खूश होते. घामाच्या अंगठ्याचा तुकडा त्यांनी हातात घेतला, वरची पन्नी हळूच सोलली आणि मला जवळ बोलावलं. "हे पाह्य."

पन्नीखाली अंगठ्याच्या आकाराची पांढरी भुकटी फुलली होती. ती पुसल्यावर खाली बारीक बारीक खड्डे, देवीच्या वणासारखे. "नुसता घाम," मामाजी म्हणाले. "अन वरून पन्नीनं झाकून ठेवलं. उघडं असतं तं वाऱ्यानं वाळून गेलं असतं."

मी मोजे काढले, बाहेर आले, विहिरीवर जाऊन तोंड धुतलं. एक मन म्हणत होतं, बोलू नको. सांगितलं तर आत्याबाईंचं नाव घ्यावं लागेल, आणि ज्या एका दिवशी त्या मनानं या माणसाजवळ आल्या, त्याच दिवसाचं असं वाटोळं झालं हे त्यांना कळेल. दुसरं मन म्हणत होतं, ते पंखाचं आढं आहे, बाई, त्यावर माणसं आकाशात जाणार. तासाभरानं मी परत गेले आणि सगळं सांगितलं. सांगताना रडले. शेवटी म्हटलं, "पन्नी मी सोलली. चूक माझीच आहे. आत्याबाईंना काही सांगू नका."

मामाजी उठले, हात साबणानं धुतले, पुसले, मोजे घातले आणि स्पारपाशी गेले. पन्नी आता सहज निघत नव्हती, तुकड्या-तुकड्यानं निघाली. खाली पाच पांढरे फुलोरे. चार एका ओळीत, मधला जरा खाली. त्यांनी ते पाहिले आणि बराच वेळ त्यांवरून नजर काढली नाही. मला वाटलं, ते गंज पाहताहेत. आता वाटतं, ते बोटं पाहत होते.

पुढचे तीन दिवस त्यांनी ते डाग घासले. आधी लाकडाच्या पातीनं भुकटी काढली, मग बारीकात बारीक कागदानं, पाणी घालून, एकाच दिशेनं. दर थोड्या वेळानं भिंग लावून, काटा फिरणारं मापक टेकवून खोली मोजायची. किती खोलीपर्यंत घासलेलं चालतं ते पुस्तकात दिलेलं होतं. पहिला डाग गेला. दुसरा गेला. चौथा, पाचवाही गेला. मधला, वळलेल्या बोटाचा, जाईना. काटा पुस्तकातल्या आकड्याच्या पुढं गेला, केसभरच पुढं. मामाजींनी तीनदा मोजलं. मग मापक डबीत ठेवलं आणि डबीचं झाकण लावलं.

"गेलं हे," ते म्हणाले.

"मामाजी, एवढासा तर खड्डा आहे. प्रायमर मारला की दिसणारही नाही."

"दिसनार नाई, तेच तं खराब हाये." ते माझ्याकडं वळले. "पारीले खेकड्याचं भोक केवढं रायते?"

"बोट जाईल एवढं."

"अन तलाव केवढा रायते?"

मी दाराबाहेर, तलावाच्या दिशेनं पाहिलं.

"यावर दोन जन टांगून रायतीन, बाई. त्यातली एक तूच राहशीन कदाचित."

ते मला एका शब्दानंही रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत घेतली आणि तो स्पार स्वतःच्या हातानं कापला, चार तुकडे केले. टाकाऊ ठरलेला भाग आख्खा ठेवायचा नाही, उद्या कुणीतरी चांगला समजून वापरेल, हाही त्यांचा नियम. करवतीचा आवाज घरभर जात होता. नवा स्पार मागवायचा म्हणजे पुन्हा कागदपत्रं, पुन्हा जहाज, पुन्हा वाट. वर्ष गेल्यातच जमा होतं. आणि वयाच्या त्या टप्प्यावर त्यांच्याकडं वर्षं काही पोत्यानं भरलेली नव्हती.

जेवताना आत्याबाईंनी विचारलं, "काय कापून राहिले होते?"

मामाजींनी भाताचा घास कालवत सांगितलं, "पंखाची पट्टी खराब झाली. पन्नी वेळेवर काढाले पाहिजे होती, मी ठेवून देल्ली. माहीच चूक."

ते खोटंही नव्हतं. अर्धं खरं होतं आणि त्यांनी ते अर्धं असं उचललं की दुसरं अर्धं कुणाला दिसू नये. आत्याबाईंनी त्यांच्या ताटात वरण वाढलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्या क्षणी मला मामाजींबद्दल जे वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. धातू जपणारा माणूस मी पाहिला होता. माणूस जपताना त्यांना त्या दिवशी पाहिलं.

पाच बोटांचा तो तुकडा मात्र त्यांनी फेकला नाही. फळीवर सुतानं बांधला. बाकी सगळ्या तुकड्यांवर जागेचं नाव होतं, चूल, चुना, पार, घाम. याच्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही.

उन्हाळ्यात वाळवीच्या धास्तीनं फळी दोन दिवस अंगणात उन्हात ठेवली होती. शेजारीच बाजेवर आत्याबाईंनी वड्या वाळत घातल्या होत्या. दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर त्या फळीसमोर उभ्या होत्या, हातातली कावळे हाकलायची काठी तशीच खाली टेकलेली. मला वाटलं, ऊन लागलंय की काय. हाक मारणार तेवढ्यात त्या वड्यांकडं वळल्या.

नवा स्पार पावसाळ्याच्या तोंडाशी आला. या वेळी पन्नी पहिल्याच दिवशी निघाली. आम्ही दोघांनी तो धुतला, त्यावरून पाणी सोडलं, पाणी काही बोललं नाही, आणि त्याच दुपारी प्रायमर चढला. पुढं काही वर्षांनी ते विमान उडालं, मामाजी त्यात बसले, मीही बसले, आमचा तलाव वरून ताटलीएवढा दिसला. लोक मला नेहमी त्याबद्दलच विचारतात. मला मात्र पहिल्यांदा आठवतो तो त्याच्या कितीतरी आधीचा, नव्या स्पारच्या वर्षीचा दसरा.

अंगणातली अवजारांची पूजा झाली. आत्याबाई ताट घेऊन उठल्या आणि पुन्हा कोठ्याकडं निघाल्या. मी घाईनं मागोमाग गेले. मामाजी आत पंखावर वाकून काम करत होते. त्यांनी आत्याबाईंना येताना पाहिलं आणि सरळ उभे राहिले. अडवलं नाही. मी त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांनी मला डोळ्यानंच गप्प राहायला सांगितलं. मला कळलं की आज ते काहीही होऊ देणार आहेत, नवा स्पार गेला तरी.

पण आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. आत आल्या नाहीत.

"विमानाले नोको," त्या म्हणाल्या. "तुमचे हात आना इकडं."

मामाजींनी विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाहिजे कोनी? माही बोटं मले ओळखू येत नाईत का?"

मामाजींनी हळूहळू मोजे काढले, आधी डावा, मग उजवा. दारापर्यंत आले आणि दोन्ही हात पुढं केले. आत्याबाईंनी हळदीची बोटं उमटवली, मग कुंकवाची, एका तळव्यावर पाच, दुसऱ्यावर पाच, मधला ठसा जरा खाली. वर नारळाचं पाणी शिंपडलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मामाजींचेही, नवा आणि जुना दोन्ही.

दिवसातून तीस वेळा हात धुणारा तो माणूस. त्या दिवशी त्यांनी कोठ्याचं दार ओढून घेतलं, ओसरीवर येऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत हात धुतले नाहीत.